ग्राफीनच्या खालचा स्फटिक

द्विमितीय पदार्थांवरचे गेल्या दहा-बारा वर्षांतले प्रायोगिक शोधनिबंध चाळायला घेतले की लेखकांच्या यादीत एक गोष्ट सारखी डोळ्यांत भरते. सुरुवातीला त्या त्या प्रयोगशाळेतले विद्यार्थी, शेवटी गटप्रमुख, आणि मधे कुठेतरी हमखास दोन जपानी नावे: केन्जी वातानाबे आणि ताकाशी तानिगुची. निबंध बॉस्टनचा असो, मँचेस्टरचा असो, बंगळूरचा असो की मुंबईत कुलाब्याचा, ही जोडी आहेच. अशा निबंधांची संख्या शेकड्यांनी मोजावी लागते. नवख्या वाचकाला वाटेल, हे कोणी जगभर फिरून मोजमापे करणारे गृहस्थ असावेत. प्रत्यक्षात हे दोघे टोकियोजवळच्या त्सुकुबा शहरात, 'निम्स' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जपानच्या राष्ट्रीय पदार्थविज्ञान संस्थेत बसून एका पदार्थाचे स्फटिक वाढवतात. तो पदार्थ म्हणजे षट्कोनी बोरॉन नायट्राइड. प्रयोगशाळांत सगळे त्याला नुसते 'एचबीएन' म्हणतात.

एका अख्ख्या संशोधनक्षेत्राची गाडी एका प्रयोगशाळेतल्या स्फटिकांवर कशी येऊन थांबली, हे या प्रकरणात पाहायचे आहे. ग्राफीनची चिकटपट्टीची गोष्ट आता शाळकरी मुलांनाही माहीत असते. तिच्या पुढची ही गोष्ट मात्र क्षेत्राबाहेर फारशी कोणी सांगत नाही. माझ्या मते ती जास्त शिकवणारी आहे.

दोष ग्राफीनमध्ये नव्हता

२००४ साली मँचेस्टर विद्यापीठात आंद्रे गाइम आणि कॉन्स्टंटिन नोव्होसेलोव्ह यांच्या गटाने ग्रॅफाइटवरून चिकटपट्टीने थर सोलत सोलत कार्बनचा एक अणू जाडीचा पापुद्रा, म्हणजेच ग्राफीन, वेगळा काढला. तो ठेवला सिलिकॉनच्या चकतीवर, जिच्यावर सिलिकॉन डायऑक्साइडचा सुमारे ३०० नॅनोमीटर जाड थर होता. ही जाडी महत्त्वाची होती. प्रकाशाच्या व्यतिकरणामुळे एवढ्या जाडीच्या ऑक्साइडवर एक अणूचा थरसुद्धा साध्या सूक्ष्मदर्शकातून, फिकट का होईना, दिसतो. शिवाय चकत्या स्वस्त, सहज मिळणाऱ्या, आणि खालचे सिलिकॉन आयतेच गेट म्हणून, म्हणजे व्होल्टेज देऊन वरच्या थरातले भारवाहक कमीजास्त करायला, वापरता येते. मग जगभर सगळ्यांनी तेच केले.

अडचण तिथेच होती. सिलिकॉन डायऑक्साइडचा पृष्ठभाग आपल्याला आरशासारखा दिसला तरी अणूंच्या पातळीवर तो ओबडधोबड असतो. त्यावर अर्धवट सुटलेले रासायनिक बंध असतात, अडकून पडलेले विद्युतभार असतात. खडीवर वाळत टाकलेले ओले धोतर जसे प्रत्येक खड्याचा आकार घेते, तसे ग्राफीन त्या पृष्ठभागाचा आकार घेते. त्यातही आकारापेक्षा भार जास्त त्रास देतात. ग्राफीनमध्ये इलेक्ट्रॉन आणि होल (इलेक्ट्रॉनची रिकामी जागा, जी धनभारासारखी वागते) यांच्या सीमेवर, ज्याला डिरॅक बिंदू म्हणतात तिथे, भारवाहकांची घनता शून्याकडे जायला हवी. सगळे रंजक भौतिकशास्त्र याच बिंदूच्या आसपास घडते. पण ऑक्साइडवरच्या ग्राफीनमध्ये तिथे पोचल्यावर एका जागी इलेक्ट्रॉनांचे डबके, तर शेजारी होलांचे डबके अशी अवस्था होते. सरासरी शून्य, पण शून्य कुठेच नाही. २००८ साली ही डबकी थेट मोजून दाखवली गेली.

भारवाहक किती सहज धावतात याचे माप म्हणजे मोबिलिटी. ऑक्साइडवर ती साधारण दहा हजार, फार तर वीस हजार सेंमी वर्ग प्रति व्होल्ट-सेकंद एवढ्यावर अडायची. दोष ग्राफीनचा की खालच्या पृष्ठभागाचा, हे ठरवायला कोलंबिया आणि रटगर्स या विद्यापीठांतल्या गटांनी २००८ मध्ये सरळ खालचा आधारच काढून टाकला. ग्राफीनखालचा ऑक्साइड आम्लाने कोरून काढायचा आणि दोन धातूच्या जोडांमध्ये ग्राफीन हवेत लटकवायचे. मोबिलिटी एकदम दोन लाखांच्या घरात गेली. निदान झाले, पण उपचार गैरसोयीचा होता. लटकते ग्राफीन नाजूक, जरा जास्त गेट व्होल्टेज दिले की खाली ओढले जाऊन बसते, आकार लहान, आणि त्यावर काही बांधणे जवळपास अशक्य.

तेव्हा हवा होता तो असा आधार, जो असूनही नसल्यासारखा वागेल. सपाट, सुटे बंध नसलेला, भार न साठवणारा आणि उत्तम विद्युतरोधक.

त्सुकुबामध्ये वेगळेच काम चालू होते

एचबीएनची रचना ग्राफीनसारखीच, मधमाशीच्या पोळ्यासारखी. फरक इतका की कार्बनच्या जागी एकाआड एक बोरॉन आणि नायट्रोजन. दोघांच्या जाळीतले अंतर जेमतेम पावणेदोन टक्क्यांनी वेगळे. बँडगॅप, म्हणजे इलेक्ट्रॉनला मोकळे व्हायला लागणारी ऊर्जा, सुमारे ६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, म्हणजे पक्का रोधक. थरांमध्ये पकड कमकुवत असल्यामुळे तोही चिकटपट्टीने सोलता येतो. आणि पदार्थ म्हणून तो काही दुर्मीळ नाही. त्याची पांढरी भुकटी वंगण म्हणून आणि सौंदर्यप्रसाधनांत वर्षानुवर्षे वापरली जाते. फक्त त्या भुकटीतले कण अतिशय बारीक आणि अशुद्धींनी भरलेले. त्यातून दहा-वीस मायक्रॉन रुंदीचा निर्दोष पापुद्रा निघण्याची आशा नाही.

निम्समध्ये, आणि २००१ मध्ये तिच्यात विलीन झालेल्या अकार्बनी पदार्थांच्या संशोधनसंस्थेत, अतिउच्च दाबाखालच्या संश्लेषणाची जुनी परंपरा होती. तानिगुची त्या परंपरेतले. हिरा आणि त्याखालोखाल कठीण असलेला घनाकृती बोरॉन नायट्राइड, हा त्यांचा विषय. षट्कोनी रूप म्हणजे त्या मार्गावरचा कच्चा माल किंवा बाजूला निघणारे उत्पादन. शुद्धतेसाठी त्यांनी बेरियम आणि बोरॉन नायट्राइड यांचे संयुग द्रावक म्हणून वापरले. ते बोरॉन नायट्राइड विरघळवते आणि ऑक्सिजनसारख्या अशुद्धी स्वतःकडे ओढून घेते. कच्चा माल आधी प्रचंड तापमानाला तापवून त्यातला ऑक्सिजन घालवायचा, हवेतल्या ओलाव्याचा स्पर्श होऊ नये म्हणून कोरड्या वातावरणात तो द्रावकासह कुपीत भरायचा, कुपी प्रेसमध्ये ठेवायची, आणि वातावरणाच्या चाळीस-पन्नास हजार पट दाब व सुमारे १५०० अंश सेल्सिअसला तासन् तास, कधी काही दिवस, धरून ठेवायची. कुपी फोडल्यावर द्रावक आम्लाने धुऊन काढला की मागे उरतात ते मिलिमीटरभर आकाराचे पारदर्शक स्फटिक.

हे सगळे ग्राफीनसाठी चाललेले नव्हते. वातानाबे वर्णपटशास्त्रातले. या षट्कोनी स्फटिकांवर इलेक्ट्रॉनांचा मारा केला तर ते २१५ नॅनोमीटरला, म्हणजे खोल अतिनील पट्ट्यात, जोरदार चमकतात हे त्यांना दिसले. २००४ साली, म्हणजे ग्राफीनच्या गाजलेल्या निबंधाच्याच वर्षी, त्यांनी 'नेचर मटेरियल्स'मध्ये ते प्रसिद्ध केले. पुढचे उद्दिष्ट अतिनील प्रकाशस्रोत बनवण्याचे होते, आणि २००९ मध्ये त्यांनी हातात धरता येईल असे अतिनील उपकरण खरोखर करूनही दाखवले.

त्या २००४च्या निबंधाच्या शीर्षकातच एचबीएन 'थेट बँडगॅप' असलेला, म्हणजे इलेक्ट्रॉनला संवेग न बदलता तो ओलांडता येतो असा, पदार्थ आहे असे म्हटले होते. पुढे २०१६ मध्ये फ्रान्समधल्या माँपेलिए इथल्या गटाने तो बँडगॅप अप्रत्यक्ष असल्याचे दाखवले. म्हणजे निबंधाचा मथळा काळाच्या ओघात टिकला नाही, पण त्यातली वस्तू टिकली. संशोधनाचे मूल्यमापन करणाऱ्या समित्यांनी या एका उदाहरणावर थोडा वेळ घालवायला हरकत नाही.

२०१०: कोलंबिया

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात कोरी डीन हा पोस्टडॉक जेम्स होन आणि फिलिप किम यांच्यासह ग्राफीनला चांगला आधार शोधत होता. एचबीएनची कल्पना सुचणे फारसे अवघड नव्हते, कागदावर तो आदर्शच दिसतो. अवघड होते ते चांगला स्फटिक मिळवणे. तो त्सुकुबात होता. कोलंबियाने मागितला आणि त्यांनी पाठवला.

ऑगस्ट २०१० मध्ये 'नेचर नॅनोटेक्नॉलॉजी'त निबंध आला. एचबीएनवर ठेवलेल्या ग्राफीनची मोबिलिटी आणि भारवाहकांची समरूपता, दोन्ही ऑक्साइडच्या तुलनेत जवळजवळ दहापट सुधारली होती. दीडेक महिन्याने गाइम आणि नोव्होसेलोव्ह यांना नोबेल जाहीर झाले. सगळ्या जगाचे लक्ष तिकडे, आणि क्षेत्रातल्या माणसांचे लक्ष हा स्फटिक कसा मिळेल याकडे.

सुरुवातीला ग्राफीन फक्त एचबीएनवर ठेवत. मग लक्षात आले की वरूनही झाकले तर हवेतली घाण आणि छपाईच्या प्रक्रियेतले पॉलिमरचे अवशेषही दूर राहतात. ही थप्पी कशी रचतात हे थोडे जवळून पाहण्यासारखे आहे, कारण स्फटिकाचा कस इथेच लागतो.

एचबीएनचा छोटा तुकडा चिकटपट्टीवर ठेवून पट्टी पुन्हा पुन्हा दुमडतात, मग सिलिकॉनच्या चकतीवर दाबून काढतात. चकतीवर शेकडो पापुद्रे पडतात. सूक्ष्मदर्शकाखाली तासन् तास ती चकती शेतासारखी इकडून तिकडे नांगरावी लागते. रंगावरून जाडी कळते. वीस-तीस नॅनोमीटर जाडीचा, एकसारख्या रंगाचा, पायऱ्या किंवा भेगा नसलेला पापुद्रा मिळाला की त्याची जागा टिपून ठेवायची. असाच ग्राफीनचाही शोध. मग काचेच्या पट्टीवर पारदर्शक रबरासारख्या पॉलिमरचा ठोकळा, त्यावर दुसऱ्या पॉलिमरचा पातळ थर, असा शिक्का तयार करतात. तो सूक्ष्मदर्शकाखाली अगदी सावकाश खाली आणून एचबीएनच्या पापुद्र्यावर टेकवतात, चकती सुमारे ४० अंशांपर्यंत तापवतात आणि शिक्का उचलतात. पापुद्रा शिक्क्याला चिकटून वर येतो. आता तोच पापुद्रा ग्राफीनवर टेकवायचा. दोन थरांमधली व्हान डर वाल्स ओढ पुरेशी असते, म्हणून ग्राफीन ऑक्साइड सोडून एचबीएनला चिकटते. मग खालच्या एचबीएनवर ही जोडी ठेवायची, तापमान वाढवायचे, आणि पॉलिमर थप्पीला सोडून देतो. सगळ्या प्रक्रियेत ग्राफीनला एकदाही पॉलिमरचा स्पर्श झालेला नसतो.

थर एकमेकांवर बसताना मधे सापडलेले पाणी आणि हायड्रोकार्बन आपोआप गोळा होऊन बुडबुडे बनतात. बुडबुड्यांच्या मधली जागा मात्र अणुपातळीवर स्वच्छ. मग बुडबुडे टाळून जो तुकडा सापडेल, बहुधा काही मायक्रॉनांचा, त्यातच डिव्हाइस कोरायचे. कितीतरी विद्यार्थ्यांच्या पीएचडीची वेळ हे बुडबुडे ठरवतात.

वरून-खालून झाकलेल्या ग्राफीनला तारा जोडायच्या कशा? कोलंबियाच्याच गटाने २०१३ मध्ये थप्पीची कड प्लाझ्माने कोरून ग्राफीनची एक अणू जाडीची धार उघडी केली आणि धातू त्या धारेला जोडला. द्विमितीय पदार्थाला एकमितीय जोड. कागदावर हास्यास्पद वाटणारा हा जोड प्रत्यक्षात वरून टेकवलेल्या जोडांपेक्षा सरस ठरला. अशा डिव्हाइसची मोबिलिटी खोलीच्या तापमानालाही एक लाखापलीकडे गेली. ग्राफीनच्या स्वतःच्या जाळीच्या कंपनांनी घातलेली मर्यादा जवळपास गाठली गेली होती.

मग एकापाठोपाठ एक

ग्राफीन आणि एचबीएन यांच्या जाळ्या जवळजवळ सारख्या, पण अगदी सारख्या नाहीत. त्यामुळे ते नीट जुळवून ठेवले की मोठ्या आवर्तनाची नक्षी तयार होते, सुमारे १४ नॅनोमीटरची. तिला मॉयरे म्हणतात. डग्लस हॉफस्टॅडर यांनी १९७६ मध्ये चुंबकीय क्षेत्रातल्या स्फटिकाचा ऊर्जापट फुलपाखरासारखा दिसेल असे भाकीत केले होते. साध्या स्फटिकात ते पाहायला अशक्यप्राय चुंबकीय क्षेत्र लागले असते, १४ नॅनोमीटरच्या आवर्तनाला प्रयोगशाळेतले पुरते. २०१३ मध्ये कोलंबिया, मँचेस्टर आणि एमआयटी अशा तीन ठिकाणच्या गटांनी हे फुलपाखरू दाखवले.

२०१८ साली एमआयटीत पाब्लो हारिलो-एरेरो यांच्या गटाने, युआन काओ हा विद्यार्थी प्रथम लेखक असलेल्या निबंधात, ग्राफीनचे दोन थर सुमारे १.१ अंशांनी पिळून ठेवले. १.७ केल्विनच्या आसपास त्यात अतिसंवाहकता सापडली. या कोनाचे भाकीत बिस्ट्रिट्झर आणि मॅकडोनल्ड यांनी २०११ मध्येच केले होते, पण या कोनाला इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेचा पट्टा इतका सपाट होतो की थोडीशी भारअशुद्धीही त्याचे वाटोळे करू शकते. ऑक्साइडवर हा प्रयोग करायला कोणी गेलेच असते, तर डबक्यांशिवाय काहीच दिसले नसते. त्या निबंधावरही मधली दोन नावे तीच.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत मंदार देशमुख यांचा गट पिळलेल्या दुहेरी-द्विस्तर ग्राफीनवर काम करतो. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अनिंद्य दास यांच्या गटाने ग्राफीनमध्ये उष्णतेचे पुंजीकृत, म्हणजे ठरावीक पटींतच होणारे, वहन मोजले. दोन्हीकडे स्फटिक त्सुकुबाचे.

नाव द्यायचे की आभार मानायचे?

ही व्यवस्था चालते कशी? तुम्ही काय करणार आहात ते लिहा, स्फटिक मागा, मिळाला की वापरा, निबंधात पाठवणाऱ्यांना सहलेखक करा. पैशांची देवघेव नाही. एवढ्या मोलाची वस्तू इतक्या सहज वाटली जाते हे बाहेरच्या माणसाला खरे वाटत नाही.

यावर एक आक्षेप वारंवार येतो. ज्याने मोजमाप केले नाही, ज्याने कदाचित मसुद्यावर ओळही लिहिली नाही, तो लेखक कसा? वैद्यकीय नियतकालिकांचे लेखकत्वाचे निकष काटेकोर आहेत, त्यांत नुसते साहित्य पुरवणे बसत नाही. आक्षेप खोटा नाही. शेकडो निबंधांच्या निष्कर्षांची जबाबदारी दोन माणसे खरोखर घेऊ शकतात का, हा प्रश्न उरतोच, आणि एखादा निबंध मागे घ्यावा लागला तर तो सतावेलही.

तरी मला इथे स्फटिक वाढवणाऱ्यांची बाजू जास्त पटते. या क्षेत्रात एचबीएन ही खालची चटई राहिलेली नाही. पिळलेला ग्राफीन एचबीएनशी जुळवून ठेवला की त्यात लोहचुंबकत्व दिसू लागते, हे २०१९ मध्ये स्टॅनफर्डच्या गटाने दाखवले. चुंबकीय क्षेत्राशिवायचा पुंजीकृत हॉल परिणामही त्यातच सापडला. म्हणजे स्फटिक प्रयोगात भाग घेतो. आणि शेवटी आभाराच्या ओळीने संस्थेत कोणाची बढती होत नाही, प्रेस चालवायला निधी मिळत नाही. सहलेखकत्व हेच इथे चलन आहे. ते दिले नसते तर दाब आणि तापमानाच्या त्या कंटाळवाण्या खटाटोपाला वर्षानुवर्षे कोणी पोसले असते?

आपल्याकडे हा प्रश्न जास्त टोकदार होतो. तीन वर्षांचा प्रकल्प मागणाऱ्या अर्जात 'द्रावकातली अशुद्धी कमी करणे' असे लिहून पाहा. परीक्षक विचारणार, नवे भौतिकशास्त्र कुठे आहे? त्सुकुबातही नवे भौतिकशास्त्र लगेच नव्हते. होता तो जुना प्रेस, तो चालवणारे हात, आणि घनाकृती रूपाच्या मागे लागलेल्या माणसाला षट्कोनी रूपाकडेही पाहू देणारी संस्था. मोजमापाची उपकरणे विकत घेता येतात, निरपेक्ष शून्याच्या जवळ नेणारे डायल्यूशन रेफ्रिजरेटर आपल्याकडेही आहेत. स्फटिकवाढीची परंपरा निविदा काढून मागवता येत नाही.

एकाच जागी अडकलेले क्षेत्र

सगळ्यांनी एकच स्फटिक वापरण्याचा एक फायदा असतो: एका प्रयोगशाळेचा निकाल दुसरीत जुळला नाही, तर निदान एचबीएनवर संशय घ्यावा लागत नाही. तोटा त्याच नाण्याची दुसरी बाजू. सगळ्यांच्या डिव्हाइसमध्ये एकच सूक्ष्म दोष असेल तर तो निसर्गाचा गुणधर्म म्हणून खपून जाऊ शकतो. एचबीएनमध्ये कार्बनची अशुद्धी शिरते हे माहीत आहे, आणि एचबीएनमधून निघणाऱ्या एकेकट्या फोटॉनांच्या स्रोतांच्या अभ्यासात तिच्यावर बराच वाद झाला आहे. दुसऱ्या पद्धतीने वाढवलेले स्फटिक नसतील तर असा वाद सोडवायचा कशाने?

पर्याय आहेत. वातानाबे आणि तानिगुची यांच्याच गटाने २००७ मध्ये निकेल-मॉलिब्डेनमच्या द्रावकातून, वातावरणाच्या साध्या दाबाला एचबीएन वाढवून दाखवला. अमेरिकेत कॅन्सस स्टेट विद्यापीठात जेम्स एडगर यांच्या गटाने निकेल-क्रोमियमच्या द्रावकाचा मार्ग पुढे नेला. बोरॉनचे एकच समस्थानिक असलेले स्फटिक ही त्यांची खासियत. नैसर्गिक बोरॉनमध्ये १० आणि ११ वस्तुमानाचे अणू मिसळलेले असतात, ते वेगळे केले की जाळीची कंपने जास्त काळ टिकतात. प्रकाश आणि कंपने यांच्या संयुक्त लहरींवर काम करणाऱ्यांनी हे स्फटिक आनंदाने उचलले. विद्युतवहनाचे प्रयोग करणारे मात्र अजून बहुतांशी त्सुकुबाचाच स्फटिक मागतात. यात गुणवत्ता किती आणि सवय किती, हे ठरवायला दोन्ही स्फटिक एकाच हाताने, एकाच पद्धतीने वापरून तुलना करावी लागते. ते काम कोणालाच आकर्षक वाटत नाही.

या सगळ्यापेक्षा मोठी अडचण आकाराची आहे. प्रेसमधली कुपी जेवढी, तेवढाच स्फटिक. त्यातून मिळणारा पापुद्रा काही दहा मायक्रॉनांचा. भौतिकशास्त्राच्या प्रयोगाला तेवढे पुरते, चिप बनवणाऱ्याला नाही. २०२० मध्ये तैवानच्या टीएसएमसी या चिप बनवणाऱ्या कंपनीतल्या संशोधकांनी तांब्याच्या विशिष्ट पृष्ठावर दोन इंच व्यासाच्या चकतीभर एकस्फटिकी एचबीएन वाढवला. पण तो एक अणू जाडीचा. खालच्या ऑक्साइडचे भार झाकायला एक थर पुरत नाही, वीस-तीस नॅनोमीटर हवेत, म्हणजे असे साठ-नव्वद थर, तेही एकमेकांशी जुळलेले. चकतीभर पसरलेला, इतका जाड आणि त्सुकुबाच्या स्फटिकाइतका शुद्ध एचबीएन वाढवण्यावर आता बऱ्याच प्रयोगशाळा लागल्या आहेत, आणि तुलनेसाठी त्यांच्या आलेखांवर दुसरी रेघ असते ती निम्सच्या स्फटिकाची.